मलिदा, मालीश आणि ताटातला गुलाब

प्रश्न थोडक्यात असा आलाय: ठाण्यात आमच्या शेजारी बेने इस्रायली (म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी) कुटुंब राहतं, त्यांच्या नातीचं नाव ठेवायचंय आणि "मलिदा आहे, सगळ्यांनी यायचं" असं बोलावणं आलंय. हा मलिदा शब्द हिब्रू आहे का? कुणीतरी सांगितलं की हिब्रूत जन्मावरून 'मोलेदेत' शब्द आहे, त्याचा मलिदा झाला. आणि पाकिटावर काय लिहावं?

आधी मनातली आग ओकून घेतो. "ठेकेदारांनी मलिदा लाटला", "मलिद्याची खाती कोणाला" हे पेपरात रोज वाचून वाचून लोकांच्या डोक्यात या शब्दाचा एवढा एकच अर्थ उरलाय. एका लग्नाआधीच्या मलिद्याला (गोडाचं ताट मांडून प्रार्थना म्हणायचा बेने इस्रायलांचा विधी तो) मी गेलो होतो तेव्हा शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मलिदा हा शब्द ऐकून डोळा मारला आणि लाचखाऊपणावर काहीतरी बोलले, समोर ताट मांडून घरातली म्हातारी माणसं प्रार्थना म्हणत होती. मला फार वाईट वाटलं. अहो, तुपातला गोडाचा पदार्थ, म्हणून आयता मिळालेला चांगलाचुंगला माल, म्हणून लाच, असा तो अर्थ शेवटी चिकटलाय. मूळ नाही तो.

आता मोलेदेत. नाही, अजिबात नाही. मोलेदेतमधला धातू जन्म देण्याचा आहे, हिब्रूत 'येलेद' म्हणजे मूल. हाच धातू अरबीत व-ल-द होतो. त्यावरून वालिद, मिलाद, मौलूद, आणि आपल्या रोजच्या तोंडातला 'औलाद'. म्हणजे त्या हिब्रू धातूचा मराठीतला नातेवाईक पाहिजेच असेल तर तो औलाद आहे, मलिदा नव्हे. मिलाद आणि मलिदा यांची अक्षरं सारखी दिसतात म्हणून नातं जोडायचं, तर मग कमल आणि कलम पण भाऊ भाऊ म्हणा की!

मलिदा फारसी आहे. मालीदन म्हणजे चोळणं, रगडणं, आणि मालीदा म्हणजे चोळलेलं, कुस्करलेलं. पोळी किंवा रोटी कुस्करून त्यात तूप आणि गूळ-साखर घालून हाताने चोळतात तो मलिदा, दर्ग्यावर फातेह्याला ठेवतात तो. काश्मिरी मऊ लोकरी कापडालाही मलिदा म्हणतात, तेही चोळून चोळून मऊ केलेलं असतं म्हणूनच. आणि याच मालीदनवरून आलेला आपला अगदी ओळखीचा शब्द म्हणजे मालीश. हो, तेलमालीशवाला आणि मलिद्याचं ताट एकाच घरचे.

पण खरी मजा पुढे आहे. फारसीत जुन्या र आणि द यांच्या जोडीचा ल होतो, आणि हे एकदोन शब्दांत नाही, नियमाने होतं. आपल्याकडे संस्कृतात शरद्, तिकडे अवेस्तात (पारशांच्या धर्मग्रंथात) सरद, त्याचं पुढच्या फारसीत साल. आपण ज्याला सालाबादप्रमाणे म्हणतो तो साल म्हणजे शरदच. आपलं हृद्, तिकडचं दिल. याच नियमाने आपलं मर्द्, मर्दन (म्हणजे चोळणं, चुरडणं) आणि तिकडचं माल्, मालीदन हेही जुळतं असं मला वाटतं. तसं असेल तर मलिदा हा मर्दनचा चुलतभाऊ ठरतो! आणि मी याच्याही पुढे जातो. मराठीतलं 'मळणं', कणीक मळणं, भाताची मळणी, हे सुद्धा याच कुळातलं आहे असं माझं ठाम मत आहे. काही जण म्हणतात मळणं वेगळं आणि मर्दन वेगळं. ठीक आहे, त्यांनी मग मळणीत बैलांच्या पायाखाली कणसांचं जे होतं त्याला मर्दन सोडून दुसरा शब्द सुचवावा. तर शब्द आपल्याच कुळातला, इराणात वाढला आणि दर्ग्यामार्गे कोकणात परत आला, मी तरी असाच बघतो त्याच्याकडे.

यावर लगेच आक्षेप येतो की बेने इस्रायलांच्या मलिद्यात कुस्करायचं आहेच काय, ते तर पोहे असतात. बरोबर आहे. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, सुका मेवा, आणि वर फळं मांडतात, सोबत गुलाब आणि सब्जाची पानं. नाव राहिलं आणि जिन्नस कोकणचे झाले, शब्दांच्या बाबतीत हे नेहमीचंच. बेने इस्रायलांच्या जुन्या बोलीत शेजारच्या मुसलमानांकडून आलेले शब्द भरपूर आहेत, सिनेगॉगला ते मशीद म्हणायचे, उपासाला रोजा. आणि सणांची नावं अस्सल मराठी, नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. या वर्षानुवर्षं रुळलेल्या बोलीत फक्त मलिदाच तेवढा थेट जेरुसलेमहून आला असेल असं मानायला काही आधार नाही.

काही अभ्यासक मात्र सांगतात की मलिदा म्हणजे जेरुसलेमच्या जुन्या मंदिरातल्या अन्नार्पणाची आठवण. बायबलातल्या लेवीय ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात सपीठ, तेल आणि धूप यांचं अर्पण आहे, हिब्रूत त्याला मिनहा म्हणतात. विधीबद्दल ते म्हणत असतील तर म्हणोत बापडे, त्यावर मी वाद घालणार नाही. पण विधी जुना म्हणून शब्दही तितकाच जुना, हे काही पटत नाही. आणि शब्द फारसी निघाला म्हणून विधी कमी यहुदी ठरतो असं समजणारे दुसऱ्या टोकाचे, त्यांच्याशी तर माझं कडाक्याचं भांडण आहे. ताटावर म्हणतात काय ते ऐका ना! झाडाच्या फळाची ब्राखा (म्हणजे आशीर्वचन) वेगळी, जमिनीतून उगवणाऱ्याची वेगळी, सुगंधाची वेगळी, सगळं हिब्रूत.

आणि एलियाहूचं गाणं. "एलियाहू हानाबी", म्हणजे एलिया संदेष्टा. जगभरचे यहुदी हे शनिवारी रात्री शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) संपताना म्हणतात, बेने इस्रायल ते मलिद्यालाही म्हणतात. (यातला नबी आणि मिलाद-उन-नबीतला नबी एकच, हे वेगळं सांगायला नको.) अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहूच्या रथाची खूण असलेला खडक दाखवतात, तिथून तो रथातून स्वर्गात गेला अशी श्रद्धा आहे, तिथे लोक नवस फेडायला जातात, आणि झाडांच्या नव्या वर्षाच्या दिवसाला जुनी माणसं 'एलियाहू हानाबीचा उरूस' म्हणायची. उरूस! तरी अजून मलिदा हिब्रू का म्हणून विचारतात.

लेकराच्या कार्यक्रमाला एलियाहू का, असं कोणी विचारलं तर बायबलातल्या मलाखीच्या पुस्तकाच्या अगदी शेवटी बघा, एलिया येऊन बापांची मनं मुलांकडे आणि मुलांची मनं बापांकडे वळवील असं लिहिलंय. मुलग्याची सुंता आठव्या दिवशी होते तेव्हाही एलियाहूची खुर्ची ठेवतात. म्हणून घरात मूल आलं, लग्न निघालं, नवं घर घेतलं की त्याची आठवण होते.

हिब्रू आणि मराठी यांना जोडणारा शब्द त्या ताटात आहेच, फक्त तो मलिदा नाही, गुलाब आहे. हिब्रूत गुलाबाला 'वेरेद' म्हणतात, आणि तो जुन्या इराणी 'वर्द'वरून हिब्रूत गेलेला. त्याच वर्दचं पुढच्या फारसीत गुल झालं, वर सांगितला तोच र-दचा ल. गुल अधिक आब म्हणजे पाणी, गुलाब, खरं तर गुलाबपाणी, आणि आपण ते नाव फुलालाच दिलं. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा रात्री झोप आली नव्हती. हिब्रूतला वेरेद आणि नातवंडं मराठीतून मागतात त्या गुलाबातला गुल, दोन्हींचं मूळ एकच!

पाकिटाचं राहिलंच. ब्राखा आणि बरकत यांचा धातू एकच, ब-र-क. शुक्रवारी रात्री आईबाप मुलांच्या डोक्यावर हात ठेवतात, मुलाला म्हणतात देव तुला एफ्राईम आणि मनश्शेसारखं करो, मुलीला म्हणतात सारा, रिबका, राहेल आणि लेआसारखं करो. मुलगी आहे ना, मग तुम्ही तिचं नाव लिहा आणि खाली लिहा, "आयुष्याला बरकत येवो." मराठीही आहे आणि त्यांच्या ब्राखेचं सख्खं भावंडही आहे. ब्राखा म्हणून झाल्याशिवाय ताटाला हात लावू नका, आणि सगळे आमेन म्हणतील तेव्हा तुम्हीही म्हणा.