सोमवारी फ्लोअरवर जाण्याआधी

बाळा,

सोमवारपासून तू कपड्यांच्या शोरूममध्ये रुजू होणार हे कळलं. खूप आनंद झाला, थोडी काळजीही वाटली. पहिल्याच आठवड्यात टार्गेटचा आकडा हातात पडेल, कन्व्हर्जन विचारतील, म्हणजे आत आलेल्या १०० जणांपैकी किती जणांचं बिल झालं. तो हिशेब कुणाला चुकलेला नाही. पण आधी कापड शीक.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या गर्दीत, मी एका बाईंना व्हिस्कोसचा कुर्ता विकला. "घरी धुवा, काही होत नाही," असं सांगून. आतलं लेबल मी वाचलंच नव्हतं. पंधरा दिवसांनी त्या आल्या. भांडल्या नाहीत. चार बोटं आटलेला कुर्ता काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून घेतला." ते आजही टोचतं. व्हिस्कोस लाकडाच्या लगद्यापासून बनतं, अंगावर सुरेख झुळझुळतं, पण ओलं झालं की कमजोर पडतं. पिळायचं नाही, गरम पाण्यात घालायचं नाही. एवढं सांगायला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

अल्टरेशनच्या मास्तरांकडून कात्रणं मागून घे. घरी एकेक धागा चिमट्यात धरून जाळून बघ. सुती धाग्याला जळत्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मग तीच कात्रणं रोज चुरगाळून बघ. हळूहळू लेबल न वाचता बोटांना कळू लागेल. (लेबल तरीही वाचच.)

ट्रायल रूमचं दार किलकिलं करून बाई बाहेर डोकावते, तेव्हा आधी तुझ्या चेहऱ्याकडे बघते. घाईने "छान दिसतंय" म्हणू नकोस. खांद्याची शिवण बघ. ती दंडावर उतरली असेल तर एक साइज लहान आण, छातीवर बटणं ताणत असतील तर मोठा. मोठा आणताना फ्लोअरभर ओरडून मागवू नकोस, स्वतः जाऊन आण. "हा कट घट्ट आहे, दुसरा देते," एवढंच म्हण. एका ब्रँडचा एम दुसऱ्याच्या एलएवढा निघतो, त्यामुळे यात खोटं काही नाही. काहीच बसलं नाही तर तसं सांग आणि त्यांना रिकाम्या हाताने जाऊ दे. इन्सेंटिव्ह बुडेल, बुडू दे. माझी कित्येक कायमची गिऱ्हाइकं अशीच रिकाम्या हाताने गेलेली आहेत.

आणि बसण्याबद्दल. केरळात कोझिकोडच्या दुकानांतल्या बायका कामावर बसायला मिळावं म्हणून लढल्या, आणि २०१८ मध्ये तिथल्या कायद्यात तशी तरतूद झाली. तमिळनाडूत २०२१ मध्ये झाली. तेव्हा गिऱ्हाईक नसताना स्टूल मागायला लाजू नकोस. मी लाजले, आणि आता जिना चढताना गुडघे बोलतात.

बूट सपाट टाचेचे घे, आणि संध्याकाळी जाऊन घे. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, सकाळी बसलेला नंबर रात्री चावतो.

तुझी,
ताई