वाचकांचे प्रश्न : मेंदू आणि मज्जारज्जूच्या आवरणांतील गाठी

प्रश्न : माझी आई ६४ वर्षांची आहे. वर्षभरापासून तिचे पाय जड पडतात आणि चालताना डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी तिला कळत नाही. गुडघ्यांची झीज समजून आम्ही मालीश आणि गोळ्या केल्या. कंबरेच्या एमआरआयमध्येही ‘वयानुसार झीज’ एवढेच निघाले. आता संपूर्ण मणक्याच्या एमआरआयमध्ये छातीच्या भागात मेनिंजिओमाची गाठ दिसली असून शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला आहे. मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो, असे नातेवाईक म्हणतात. दिवाळीपर्यंत थांबावे का?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : थांबू नये. चप्पल निसटल्याचे न कळणे ही तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, कारण झिजलेला गुडघा दुखतो, पण तो पायाची जाणीव घालवत नाही. जाणीव गेली की मज्जारज्जूकडे किंवा नसांकडे पाहावे लागते. कंबरेच्या एमआरआयमध्ये गाठ का दिसली नाही, याचे कारण साधे आहे. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, आणि आईंची गाठ त्याच्या बरीच वर, छातीच्या मणक्यांत आहे, जिथे पाठीच्या कण्यातील पोकळी आधीच अरुंद असते.

मेंदू आणि मज्जारज्जू यांना तीन आवरणे असतात : बाहेरचे चामड्यासारखे चिवट, मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे विरळ आणि आतले तलम व घट्ट चिकटलेले. मधल्या आवरणातील पेशींपासून वाढणाऱ्या या गाठीला मेनिंजिओमा हे नाव अमेरिकेचे शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९२२ मध्ये दिले. ही गाठ सहसा मज्जारज्जूत शिरत नाही, बाहेरून त्याला दाबत राहते. वाढ इतकी संथ असते की रज्जू वर्षानुवर्षे दाब सोसतो, आणि म्हणूनच घरच्यांना ते म्हातारपण वाटते. अशा सुमारे ८० टक्के गाठी पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या असतात. मणक्यातील मेनिंजिओमा तर प्रामुख्याने मध्यम व उतारवयातील स्त्रियांनाच होतो.

नातेवाइकांची भीती मी समजू शकतो, परंतु आईंच्या बाबतीत अंथरुणाला खिळण्याचा मोठा धोका गाठ तशीच ठेवण्यात आहे. शस्त्रक्रियेत मणक्याची मागची कमान काढून, बाहेरचे आवरण उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली गाठ वेगळी केली जाते आणि आवरण पुन्हा शिवले जाते. जंतुसंसर्ग, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यासारख्या द्रवाची गळती किंवा अशक्तपणा वाढणे हे धोके आहेत आणि ते शल्यविशारदांना स्पष्ट विचारावेत. तरीही चालणे बिघडलेले अनेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुष्कळ सुधारतात. लघवी रोखता येईनाशी झाली किंवा पाय अचानक लुळे पडले, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. खर्चाची अडचण असेल, तर मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, सुपर स्पेशालिटी रुग्णालयात किंवा मिहानमधील एम्समध्ये चौकशी करावी आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारावे.

प्रश्न : मी ४१ वर्षांची आहे. स्कूटरवरून पडल्यावर डोक्याचा सीटी स्कॅन केला, त्यात दीड सेंटिमीटरचा मेनिंजिओमा दिसला आणि नंतर एमआरआयमध्येही तेच निदान झाले. मला काहीही त्रास नाही. डॉक्टर म्हणतात, सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करू. गाठ डोक्यात ठेवून स्वस्थ कसे बसायचे?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, डॉक्टरांचा सल्ला योग्य वाटतो. वरच्या पत्रातील गाठ आणि तुमची गाठ एकाच जातीची आहे, पण तिथे रज्जूवर दाब आहे आणि तुमच्याकडे गाठ लहान असून कशालाही दाबत नाही. अशा अनेक गाठी वर्षानुवर्षे जवळपास तेवढ्याच राहतात. फिट येणे, दृष्टी किंवा वास कमी होणे, एका बाजूचा हात-पाय अशक्त होणे, पहाटे डोके दुखून उलटी होणे, यांपैकी काही झाले तर मात्र सहा महिने थांबू नका.

तुम्ही लिहिलेले नाही, तरी एक गोष्ट विचारतो. दर तीन महिन्यांनी मिळणारे ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन तुम्ही घेता का? त्यातील मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम संप्रेरक वर्षभराहून अधिक काळ घेणाऱ्या स्त्रियांत शस्त्रक्रिया कराव्या लागणाऱ्या मेनिंजिओमाचे प्रमाण वाढलेले, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील अभ्यासात आढळले. एकूण धोका लहानच आहे आणि इतर स्त्रियांनी घाबरून जाऊ नये, मात्र गाठ आढळलेल्या स्त्रीने पुढचा डोस घेण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांना गाठीबद्दल सांगून दुसरा उपाय निवडावा.

पुढच्या एमआरआयला जाताना या वेळची फिल्म आणि सीडी दोन्ही सोबत न्या. नुसत्या लेखी अहवालावरून एक-दोन मिलिमीटरचा फरक ठरवता येत नाही, त्यासाठी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून मोजावी लागतात.