व्यसनी, सज्ञान मुलाला घराबाहेर काढावे का?

तिशी ओलांडलेला अविवाहित मुलगा दारू पितो, नोकरी टिकवत नाही आणि पैसे नाकारले की आदळआपट करतो. त्याला घराबाहेर काढावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मुलाच्या व्यसनाची वर्षे मी काढलेली असल्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

घराबाहेर काढण्याचा प्रश्न नंतरचा आहे. त्याच्या पिण्याचे कोणते परिणाम आज तुम्ही निस्तरता, हे आधी पाहा. 'त्याला ताप आहे' असा कामावर फोन कोण करते, पतसंस्थेचा थकलेला हप्ता कोण भरते, त्याच्या कर्जाला जामीन कोण राहते? ही कामे तुम्ही मायेनेच करता, पण त्यामुळे दारूची खरी किंमत त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून पहिली मर्यादा इथे घाला, आणि ती तुमच्या हातात असलेल्या गोष्टीचीच असू द्या. 'उद्यापासून पिणे बंद' हे पाळणे त्याच्याकडे आहे. 'तू प्यायलेला असताना मी पैशांविषयी बोलणार नाही' हे पाळणे तुमच्याकडे.

आमच्याकडे संध्याकाळी माझा मुलगा स्वयंपाकघराच्या दारात येऊन 'फक्त पाचशे दे, शेवटचे' म्हणायचा. मी भाकरी थापता थापता एवढेच सांगायचे, 'पैसे मिळणार नाहीत. जेवण तयार आहे. डॉक्टरांकडे जायचे असेल तर आत्ता निघू.' तो कितीही ओरडला तरी शब्द तेच ठेवायचे आणि कारणे द्यायची नाहीत, कारण कारण सांगितले की वाद त्या कारणावर सुरू होतो. मग तो आजीकडे वळला, आजीने पेन्शनमधून गुपचूप नोटा दिल्या, आणि घरातल्या सगळ्यांचे एकमत होईपर्यंत आमच्या नकाराला काही अर्थ उरला नाही. तेव्हा नियम मोजकेच ठेवा, पण सर्वांत वाईट रात्रीही पाळता येतील असे ठेवा. वस्तू फोडणे किंवा अंगावर धावून येणे याला मात्र एकदाही सवलत नको; दुसऱ्या खोलीत किंवा शेजारी जाऊन ११२ ला फोन करा.

रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकदम तोडू नका. पुढच्या दोन-तीन दिवसांत फिट येणे, भ्रम होणे, क्वचित जीव जाणे असे प्रकार घडतात, म्हणून दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते. आमटीत चोरून कालवण्याच्या गोळ्या आणि पावडरी गावोगावी मिळतात, त्यांच्याही वाटेला जाऊ नका. त्यांत डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ते औषध, असेल आणि तो त्यावर प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. त्याने जीव देण्याची भाषा केली तर ती धमकी समजून सोडून देऊ नका आणि तिच्यापोटी पैसेही देऊ नका. त्याला एकटे न सोडता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोला आणि थेट रुग्णालय गाठा. तो स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात नातेवाइकांच्या अर्जावरून, डॉक्टरांच्या तपासणीनंतर दाखल करून घेण्याची तरतूद आहे.

तुमच्यासाठीही आधार शोधा. पुण्यात १९८६ पासून चाललेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र कुटुंबीयांनाही उपचारात सामील करून घेते. व्यसनी माणसाच्या नातेवाइकांच्या अल-अनॉन सभा मोठ्या शहरांत भरतात, आणि आपल्यामुळे मुलगा प्यायला लागला हा सल तिथे बोलून दाखवता येतो. मला त्या बसण्याचा औषधाइतका उपयोग झाला.

आता घराविषयी. आईवडिलांच्या स्वकष्टार्जित घरात राहण्याचा सज्ञान मुलाला कायदेशीर हक्क नाही, तो त्यांच्या मर्जीनेच राहू शकतो, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले आहे. वडिलोपार्जित घराची गोष्ट वेगळी. तुमचे वय साठ किंवा अधिक असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. 'नावावर घर झाले की सुधारेल' असे नातेवाईक म्हणतील, पण बक्षीसपत्र करू नका. माझे मत विचाराल तर, मारहाण होत असेल तर त्याला बाहेर काढायला कचरू नका. ती नसेल, तर आधी पैसे आणि सारवासारव बंद करा, उपचाराचा खर्च थेट रुग्णालयात भरा, आणि 'अमुक तारखेपर्यंत उपचार सुरू झाले नाहीत तर तुला वेगळे राहावे लागेल' असे तो शुद्धीवर असताना, सकाळी, दोघांनी समोर बसून सांगा. ती तारीख पाळण्याची तयारी झाल्याशिवाय मात्र ती उच्चारू नका.