नुकताच ठाणे जेलमध्ये गेलेल्या भावाला गर्दचं (ब्राऊन शुगरचं) व्यसन आहे, आत उपचार मिळतील का?

मिळू शकतात, पण मागावे लागतात, आपोआप कोणी आणून देत नाही. तो नुकताच आत गेलाय म्हणताय ना, मग मुलाकातीची वाट बघत बसू नका, वकिलाला सांगून कोर्टात अर्ज टाका की याला व्यसन आहे, जेलच्या डॉक्टरांनी तपासून उपचार करावेत. वकील नसेल तर ठाणे कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, कोठडीतल्या माणसाला तिथे फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला वगैरे लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही धरलेत आणि कैद्यांसाठी वेगळं कलम आहे, अर्जात ते लिहायला सांगा.

गर्द बंद झालं की टर्की लागते, अंग मोडून येतं, नाक गळतं, जुलाब, झोप नाही, हाल होतात पण सहसा जीवावर बेतत नाही. दारू मात्र खूप पीत असेल तर ते आधी सांगा, कारण ती अचानक सुटली की २-३ दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, माणूस जाऊही शकतो.

केस फक्त सेवनाची किंवा अगदी कमी मालाची असेल तर एनडीपीएसचं (ड्रग्जविरोधी कायद्याचं) कलम ६४ए वकिलाला विचारा, स्वतःहून उपचार घेणाऱ्याला त्यात खटल्यातून सूट आहे (विकायची केस असेल तर विसरा).

आणि सुटल्यावर पहिले काही आठवडे त्याला एकटं सोडू नका, शरीराची तेवढ्या डोसची सवय मोडलेली असते आणि जुनाच डोस घेतला तर ओव्हरडोस होतो. बाहेरच्या व्यसनमुक्ती सेंटरची चौकशी आत्ताच सरकारी हेल्पलाइन १४४४६ वर करून ठेवा, फोन फुकट आहे.