वाचकांचे प्रश्न : सबव्हर्जनकडून गिटकडे जाताना

प्रश्न : आमचा बारा जणांचा सॉफ्टवेअर गट अनेक वर्षे सबव्हर्जन (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी प्रणाली) वापरत आला आहे. गिट या तशाच दुसऱ्या प्रणालीकडे वळायचे ठरल्यावर मी सर्वांना दोन तास आज्ञा शिकवल्या. तरीही पहिल्याच आठवड्यात एकाने फोर्स पुश केला (सर्व्हरवरचा इतिहास बाजूला सारून आपला चढवला) आणि दोघांचे कमिट (नोंदवलेले बदल) सर्व्हरवरून नाहीसे झाले. ज्येष्ठ सहकारी आता ‘जुनेच बरे होते’ असे म्हणतात. माझे काय चुकले, आणि गेलेले काम परत मिळेल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाला मुदत आहे, म्हणून तो आधी घेतो. सर्व्हरवरची ब्रँच (कामाची शाखा) मागे गेली असली, तरी ज्या दोघांनी ते कमिट केले त्यांच्या संगणकांवर ते बहुधा अजून असतील. त्यांनी नंतर आपली प्रत सर्व्हरशी जुळवून घेतली असली, तरी ‘गिट रिफ्लॉग’ या आज्ञेने ब्रँच याआधी कोणकोणत्या कमिटवर होती ते दिसते. त्यातला हवा तो कमिट धरून नवी ब्रँच काढावी आणि पुश करावी. सेटिंग बदललेले नसेल, तर या नोंदी ९० दिवस टिकतात. पण ब्रँचच्या आजच्या इतिहासातून बाहेर पडलेल्या कमिटच्या नोंदी ३० दिवसांनंतर पुसल्या जाऊ शकतात. जे कमिटच केले नव्हते, ते मात्र या मार्गाने मिळणार नाही. शिवाय मुख्य ब्रँचवरचा फोर्स पुश सर्व्हरच्या सेटिंगमध्ये आजच बंद करावा.

आता तुमच्या वर्गाविषयी. ‘कमिट’ हा शब्द दोन्हीकडे एकच आहे आणि अर्थ वेगळा आहे, ही गोष्ट आज्ञांच्या यादीत हरवली असावी. सबव्हर्जनमध्ये कमिट केले की काम सर्व्हरवर पोचते. गिटमध्ये ते फक्त आपल्या संगणकावरच्या इतिहासात जमा होते आणि इतरांना दिसण्यासाठी पुश करावे लागते. हे सांगून पटत नाही, दाखवावे लागते. एकाच संगणकावर मधोमध सर्व्हरच्या जागी एक ‘बेअर’ रिपॉझिटरी (कामाच्या फायली नसलेला, फक्त इतिहासाचा साठा) ठेवावी आणि तिच्यापासून दोन फोल्डरांत दोन क्लोन (पूर्ण प्रती) काढावेत. पहिल्यात कमिट करून दुसऱ्यात पुल करावे, म्हणजे मधल्या साठ्यातले बदल आणून पाहावेत. काहीच येत नाही. मग पहिल्यातून पुश करून पुन्हा पुल करावे. आता बदल येतो. यानंतर दोन्हीकडे वेगवेगळे कमिट करावेत आणि दोन्हीकडून पुश करावे. दुसरा पुश ‘रिजेक्टेड’ असा संदेश देऊन अडतो. येथे घाई न करता तो संदेश सर्वांना मोठ्याने वाचायला लावावा. सबव्हर्जनमध्ये ‘आउट ऑफ डेट’ असे उत्तर आले की हीच मंडळी निमूटपणे अपडेट करत होती. ही तीच अडचण आहे आणि पुल करून मर्ज करणे (दोन्हीकडचे बदल एकत्र करणे) हा तिच्यावरचा उपाय आहे. तुमच्या सहकाऱ्याला ही ओळख पटली नाही, म्हणून त्याने बंद दार ढकलून उघडले.

गिटला लावल्या जाणाऱ्या ‘डिस्ट्रिब्युटेड’ (विकेंद्रित) या शब्दाचाही धसका घेऊ नये. आधी वापरात असलेल्या बिटकीपर या प्रणालीची मोफत परवानगी संपुष्टात आल्यावर एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरवल्ड्स यांनी लिनक्स कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) गिट लिहायला घेतले. मॅट मॅकॉल यांची मर्क्युरियल ही तशीच प्रणालीही त्याच महिन्यातली. जगभर विखुरलेल्या हजारो जणांचे काम सामावून घेण्याची ती गरज होती. बारा जणांनी एकच सर्व्हर अधिकृत मानून, पहिले काही महिने मर्जची पद्धत जुनीच ठेवून काम केले, तर त्यात कमीपणा नाही. प्रत्येकाकडे पूर्ण इतिहास असल्याने नेटवर्क नसतानाही लॉग पाहता येतो, जुन्या आवृत्त्यांशी तुलना करता येते, एवढा लाभ सुरुवातीला पुरेसा आहे.

ज्येष्ठांच्या तक्रारींपैकी दोन मला रास्त वाटतात. सबव्हर्जनच्या क्रमांकावरून ‘४१२७ मध्ये बिघडले’ असे तोंडी सांगण्याची सोय गिटच्या ४० अक्षरी हॅशमुळे (कमिटच्या ओळखखुणेमुळे) जाते. तो आठ-दहा अक्षरांत लिहिता येत असला, तरी त्यावरून आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता हे कळत नाही. जुना इतिहास ‘गिट एसव्हीएन’ या आज्ञेने सबव्हर्जनमधून गिटमध्ये आणला असेल, तर प्रत्येक जुन्या कमिटच्या संदेशाखाली सबव्हर्जनचा क्रमांक असलेली एक ओळ आपोआप जोडली जाते. ती काढून टाकण्याचा पर्याय वापरू नये, म्हणजे बग नोंदवहीतले जुने क्रमांक लॉगमध्ये शोधता येतील. दुसरी तक्रार मर्ज न होणाऱ्या मोठ्या डिझाइन फायलींची. एकाच वेळी दोघांनी बदलू नयेत म्हणून त्यांना सबव्हर्जनमध्ये लॉक लावता येते, मूळ गिटमध्ये ती सोय नाही. गिट एलएफएस हे मोठ्या फायलींसाठीचे जोडसाधन ती देते, पण नवशिक्या गटावर आणखी एक साधन आताच लादण्यापेक्षा तेवढ्या फायली सबव्हर्जनमध्येच राहू द्याव्यात.