मोठ्या विमानामागून उतरताना वेक टर्ब्युलन्स कसा टाळावा?

आपला प्रश्न असा आहे की, एका इंजिनाचे छोटे विमान बोइंग किंवा एअरबसच्या मागून उतरवायचे असताना टॉवरने (विमानतळाच्या नियंत्रण कक्षाने) फक्त ‘कॉशन, वेक टर्ब्युलन्स’, म्हणजे पुढच्या विमानामागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांपासून सावध राहा, एवढेच सांगितले, तर वैमानिकाने नेमके काय करावे. पुढचे विमान ज्या मार्गाने खाली आले त्या मार्गाच्या वर राहावे आणि त्याची चाके जिथे टेकली त्या जागेच्या पुढे आपली चाके टेकवावीत, असे मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून शिकवतो.

पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकाला वळसा घालून वर येते आणि प्रत्येक टोकामागे एक भोवरा तयार होतो. विमान जितके जड आणि त्याचा वेग जितका कमी, तितका तो भोवरा जोरकस असतो. हे भोवरे मिनिटाला साधारण ३०० ते ५०० फूट या गतीने खाली उतरतात, म्हणून धोका पुढच्या विमानाच्या मार्गावर असतो त्याहून अधिक त्या मार्गाच्या खाली असतो. पुढच्या विमानाचे नाकाकडचे चाक टेकले की पंखांवरचा भार उतरतो आणि नवे भोवरे तयार होणे थांबते.

जमिनीजवळ आल्यावर दोन्ही भोवरे दोन-तीन नॉटांच्या (एक नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) गतीने एकमेकांपासून दूर सरकतात, पण तेवढाच आडवा वारा असेल, तर ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूचा भोवरा धावपट्टीवरच रेंगाळतो. मागून तिरका येणारा हलका वारा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो भोवऱ्याला आपण उतरू पाहतो त्याच जागेकडे ढकलतो. वारा शांत आहे म्हणून निश्चिंत होणे अगदी चुकीचे आहे.

१५ डिसेंबर १९९३ रोजी कॅलिफोर्नियातील सांता आना येथे वेस्टविंड जातीचे एक छोटे जेट बोइंग ७५७ च्या मागून उतरत होते. दोघांत सुमारे दोन नॉटिकल मैलांचे अंतर होते आणि छोटे विमान पुढच्या विमानाच्या मार्गापेक्षा सुमारे ४०० फूट खाली होते. भोवऱ्यात सापडून ते कोसळले आणि त्यातील पाचही जणांचा मृत्यू झाला. बोइंग ७५७ वजनाच्या वर्गवारीत तेव्हा ‘हेवी’ नव्हते. पुढे त्याच्यामागे राखायचे अंतर वाढवण्यात आले.

रडारवर नियंत्रक अंतर राखून देतो; आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ‘हेवी’ विमानामागे ‘लाइट’ विमानासाठी ते ६ नॉटिकल मैल असते. मात्र पुढचे विमान दिसत असल्याचे सांगून आपण व्हिज्युअल अप्रोच (डोळ्यांनी पाहत उतरणे) स्वीकारला, की अंतराची जबाबदारी आपल्यावर येते. म्हणून ते विमान दिसत असले, तरी त्याचा उतरण्याचा मार्ग कळत नसेल, तर व्हिज्युअल अप्रोच नाकारावा आणि जास्त वेळ मागावा. नियंत्रक त्यासाठी रागावत नाही.

वर राहून पुढे टेकायचे ठरवताना उरलेली धावपट्टी पुरेल याची खात्री आधीच करावी. ती पुरणार नसेल, तर खाली येण्याचा मोह टाळून गो अराउंड करावा (उतरणे सोडून पुन्हा वर जावे), आणि तो उंची हातात असतानाच करावा, कारण भोवऱ्याने विमान एका अंगावर कलवले, तर पूर्ण एलेरॉन (विमान कलते करणारी पंखांवरची फळी) देऊनही ते आवरेलच असे नाही आणि जमिनीजवळ सावरायला उंची उरत नाही.