गॅलेक्टिन आणि दाद न देणारे कर्करोग

प्रश्न : स्वादुपिंडाच्या कर्करोगासंदर्भात ‘गॅलेक्टिन’ या शर्करेला चिकटणाऱ्या प्रथिनांविषयी वाचले. ती नेमके काय करतात, आणि साखर सोडल्यास त्यांना आळा बसतो का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही. गॅलेक्टिने ज्या शर्करांना चिकटतात, त्या पेशी स्वतःच तयार करून आपल्या पृष्ठभागावरील प्रथिनांवर साखळ्यांच्या रूपाने बसवतात. ताटातले गोड बंद केल्याने त्या नाहीशा होत नाहीत, आणि आधीच वजन घटत चाललेल्या रुग्णाचा आहार डॉक्टरांना न विचारता तोडणे मात्र घातक ठरू शकते.

स्वादुपिंडाच्या गाठीत कर्कपेशींभोवती तंतुमय ऊतींचे दाट आवरण असते. त्यातील पेशी गॅलेक्टिन-१ स्रवतात. ते रोगाशी लढायला आलेल्या सक्रिय टी पेशींवरील शर्करा-साखळ्यांना चिकटते आणि त्या पेशींना मरणाच्या वाटेला लावते. अर्जेंटिनातील शास्त्रज्ञ गॅब्रिएल राबिनोविच यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून आणखी एक गोष्ट दाखवली : नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे औषध दिल्यावरही काही गाठींमध्ये गॅलेक्टिन-१ हे व्हीईजीएफआर-२ या, रक्तवाहिनीच्या पेशींवर वाढीचा संदेश घेणाऱ्या प्रथिनाला (रिसेप्टरला) शर्करेमार्फत चिकटून ती वाढ चालूच ठेवते. औषध निष्फळ का ठरते याचे इतके स्पष्ट कारण क्वचितच हाती लागते, म्हणून हे काम मला फार मोलाचे वाटते.

गॅलेक्टिनरोधक म्हणून लिंबूवर्गीय फळांच्या पेक्टिनची पूडही विकली जाते. तिने कर्करोग बरा होतो असे सिद्ध झालेले नाही, तेव्हा तिच्या भरवशावर चालू उपचार थांबवू नयेत.